भिंतीवरची गल्ली

१

सांगलीच्या गावभागात जिनेंद्र चौगुलेचा फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणजे पाटी आहे, निळा पडदा आहे, उजेडाच्या दोन छत्र्या आहेत. गिऱ्हाईक म्हणाल तर आधार कार्डाचं, पासपोर्टचं, नाहीतर कुणाच्या तरी दहाव्याच्या फोटोचं. लग्नं सगळी ड्रोनवाल्या पोरांनी पळवली. त्याबद्दल आपलं काही म्हणणं नाही, असं जिनेंद्र म्हणायचा, आणि मग ऐकणारा उठून जाईपर्यंत त्याच विषयावर बोलायचा.

खाली स्टुडिओ आणि स्वयंपाकघर, वर माडी. माडीवरच्या मागच्या खोलीत त्याची आई, चंपाबाई. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. डावा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. बोलणं मात्र शाबूत, उलट जास्तच धारदार झालेलं. सगळी गल्ली जिच्या ओट्यावर येऊन बसायची, ती बाई आता दिवसभर छताच्या तुळया बघत पडून असायची. जिनेंद्रच्या जिवाला ते फार लागायचं.

पलीकडच्या शाळेतल्या माया मॅडम एकदा म्हणाल्या, "आमच्या मुलांना कॅमेऱ्याचा इतिहास दाखवा की हो. मोबाइलच्या आधी काही होतं हेच त्यांना पटत नाही." झालं! जिनेंद्रला असं कुणी विचारायचीच खोटी. त्यानं कपाटातून बॉक्स कॅमेरा काढला, भात्याचा काढला, दोन डोळ्यांचा काढला. पण त्याला इतिहास मुळापासून दाखवायचा होता. त्यानं माडीवरची गल्लीकडची खोली रिकामी केली, खिडकीला काळा कागद दुहेरी चिकटवला, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि कागदाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडलं.

"पोरांनो, पहिला कॅमेरा खिशात मावायचा न्हाई," तो अंधारात म्हणाला. "आपणच त्याच्यात मावायचो. कॅमेरा म्हणजे मुळात अंधारी खोली. पुढं खोलीची पेटी झाली, पेटी गळ्यात आली, आता खिशात गेली. आत अजून तेच, अंधार आणि एक भोक."

डोळे सरावले तशी समोरच्या पांढऱ्या भिंतीवर गल्ली उमटली. रंगीत, हलती आणि उलटी. रस्ता वर छताला, आभाळ खाली जमिनीला. समोरचा भाऊसो टेलर आपल्या दुकानासकट डोकं खाली करून लोंबत होता. पोरं अशी किंचाळली की खाली जिनेंद्रच्या बायकोच्या, ब्राह्मीच्या, हातातली परात पडली.

"अंधुक हाय, भोक मोठं करा," एकजण ओरडला.

"भोक मोठं केलं की उजेड वाढतो, पण चित्र विरघळतं. बारीक केलं की चित्र रेखीव, पण उजेड कमी, मग वेळ जास्त द्यायचा. घागर भरायची तर नळ मोठा सोडा, नाहीतर बारीक धारेखाली बसून राहा. फोटोचं शास्त्र एवढंच." पोरं ऐकत नव्हती. ती भाऊसोला हाका मारत होती.

२

"कसला दंगा हुता रं?" आईनं मागच्या खोलीतून विचारलं.

त्यानं तिला खुर्चीसकट उचलून आणलं. डोळे सरावेपर्यंत ती अंधारात टक लावून बघत राहिली. मग भिंतीवर गल्ली आली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

"आगं बाई! गल्ली घरात आली की!"

खिडकीतून बघायचं तर उभं राहायला लागायचं, आणि ते तर तिच्या हातात राहिलं नव्हतं. इथं पडल्या पडल्या सगळं दिसत होतं. भाजीवाली बनुबाई पाटी घेऊन छताला चालत गेली. "पाटी उलटी झाली तरी एक वांगं पडंना बघ तिचं," आई म्हणाली, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसली. एकाच हातानं, पण हसली.

मग कुठला कागद काढतोय जिनेंद्र? त्यानं तिची खाटच त्या खोलीत आणली. ऊन असेपर्यंत ती भिंतीकडं बघत पडायची, आणि कुणी जेवण घेऊन गेलं की गल्लीच्या बातम्या सांगायची. कुणाकडं पाव्हणं आलं, कोण कुणाशी बोलत नाही, भाऊसो दुपारी मशिनवर डोकं टेकून कसा झोपतो.

ब्राह्मीचं मत वेगळं होतं. "आवं, डॉक्टरांनी हात-पाय हलवायला सांगितलंय. आत्याबाई दिवसभर अंधारात पडून सिनेमा बघायल्यात, आणि तुमी तिकीट फाडताय."

"हसली ती, ब्राह्मी. तू ऐकलंस न्हवं?"

ब्राह्मीनं ऐकलं होतं. त्यामुळं तिनं विषय तेवढ्यावर सोडला.

३

पहिल्यांदा आईनंच विचारलं. दुपारचा चहा झाला होता, जिनेंद्र कपबश्या गोळा करत होता.

"जिनू, समदी उलटी लोंबत्यात, मग ह्यो एकटाच सरळ कसा रं?"

"कोण?"

"खाली बघ की. आभाळात."

भिंतीच्या तळाला, जिथं आभाळाचा फिका निळा पट्टा जमिनीला टेकत होता, तिथं बोटाएवढा एक माणूस उभा होता. पाय खाली, डोकं वर.

जिनेंद्रला आधी हसू आलं. भिंतीवरच्या डागाला फोटोग्राफरनं कशाला भ्यायचं? त्यानं बाजूनं जाऊन मध्ये तळहात धरला, तर माणूस तळहातावर आला. डाग असता तर भिंतीवरच राहिला असता. म्हणजे हे चित्रच होतं.

आता चित्र म्हटलं की ते भोकातून आलेलं, आणि भोकातून आलं म्हटलं की उलटं. वरचा किरण खाली जातो, खालचा वर जातो, ह्यात कुणाची वशिलेबाजी चालत नाही. मग ह्याचे पाय इथं खाली, म्हणजे बाहेर वर. आणि इथं तो आभाळात, म्हणजे बाहेरही आभाळातच. विजेच्या तारांच्या वर, डोकं खाली करून कुणीतरी टांगलेलं. जिनेंद्रनं हा विचार तिथंच सोडला.

"कुठलं तरी होर्डिंग असंल," तो म्हणाला. "पालथं लावलेलं."

"हालतंय का बघ."

"न्हाई हालत."

"तेच म्हनतीया मी. समदी हालत्यात. त्यो न्हाई हालत."

४

तो खाली उतरून रस्त्यावर उभा राहिला आणि वर बघू लागला. समोरची कौलं, तारा, टाकी, तिच्यावर बसलेला कावळा. होर्डिंग नव्हतं. तसं काही नसणारच हे त्याला जिन्यातच कळलं होतं, तरी तो मान मोडेपर्यंत बघत राहिला.

"काय रं जिनू," भाऊसो दुकानातून ओरडला, "आभाळात काय हुडकायलाईस? ड्रोन हरवला काय तुझा?"

"ड्रोन असता तर तुझ्या गल्लीत राहिलो असतो व्हय?"

भाऊसो हसला. जिनेंद्रही हसला, आणि वर येऊन त्यानं कौलं तपासली. दुसरं भोक असलं तर दुसरं चित्र येतं, पण तेही उलटंच येतं. आरसा मध्ये असला तर चित्र सरळ होऊ शकतं. त्यानं कपाटाच्या दारावरचा आरसा काढून नेला, आईचा तांब्या नेला, भिंतीवरची काचेची तसबीरसुद्धा उतरवली. माणूस होता तिथं होता.

शेवटी त्यानं भोकावर अंगठा दाबला. हे त्यानं आधीच करायला हवं होतं. आधी का केलं नाही, ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

गल्ली झटकन विझली. तो माणूस जरा मागाहून विझला.

"डोळ्याला तसं दिसतंय," जिनेंद्र मोठ्यानं म्हणाला. "दिव्याकडं बघून डोळं मिटलं की दिवा दिसतोय, तसं." खरंच आहे ते, पुस्तकात आहे. पण डोळ्यात राहतं ते सगळंच राहायला पाहिजे, भाऊसोचं दुकानसुद्धा. त्यानं अंगठा काढला, परत दाबला. परत तसंच. आई अंधारातून म्हणाली, "कशाला खेळ लावलाईस? त्येला तरास व्हतोय," आणि जिनेंद्रनं अंगठा झटकन काढून घेतला.

५

बोटाएवढा होता तो वितीएवढा झाला. ऊन फिरतं तसं चित्र सरकतं, हे जिनेंद्रनं स्वतःला सांगून बघितलं. पण उन्हानं माणूस मोठा होत नाही. माणूस जवळ आला तर मोठा होतो.

तोंड दिसत नव्हतं. नीट बघायचं तर उपाय त्याला माहीत होता, पोरांना त्यानंच सांगितला होता. काळ्या कागदावर दुसरी चकती लावून त्यानं भोक मोहरीएवढं केलं. खोली एकदम बुडाली. आधी काहीच दिसेना. आईचा श्वास ऐकू येत होता, खाली ब्राह्मी शेंगदाणे कुटत होती, बाहेर कुठंतरी उसाच्या ट्रॅक्टरचा टेप वाजत होता. जिनेंद्र वाट बघत बसला, आणि बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, की जितकं स्पष्ट बघायचं तितकं जास्त अंधारात बसावं लागणार.

हळूहळू तो उमटला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. धोतर. मान ताठ, अवघडलेली. एक हात खाली सोडलेला, आणि दुसरा बाजूला, कमरेच्या वर, हवेत टेकलेला.

जिनेंद्रला ही उभं राहायची तऱ्हा ओळखीची वाटली. फार जुन्या काळी फिल्मच्या जागी काच असायची, आणि ती इतकी सुस्त असायची, की फोटो निघेपर्यंत माणसाला श्वास धरून उभं राहावं लागायचं. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. हात हलू नये म्हणून तो शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवायला लावत, आणि खुर्चीत बायको बसलेली असायची. ह्याच्याशेजारी खुर्ची नव्हती. हात मात्र तेवढ्याच उंचीवर होता.

आणि तो गल्लीकडं बघत नव्हता. खाटेकडं बघत होता.

"माझ्याकडं बघतोय," आई शांतपणे म्हणाली. "लय दिस झालं."

"आई, खाट मागच्या खोलीत नेऊ या."

"का? वरसभरात मला कुनी बघितलंय रं? समदी येत्यात, औषधाकडं बघत्यात, चादरीकडं बघत्यात. तू येतोस तवा माझ्या हाताकडं बघतोस, हाललाय का म्हनून. ह्यो माझ्याकडं बघतोय."

तिचं खरं होतं, म्हणून जिनेंद्रला जास्तच लागलं. तो तिच्या पायावर हात ठेवून बसून राहिला, आणि त्याला भीती वाटली, साधी, लहान पोराला वाटते तशी, की ही आता आपल्याला सोडून जाणार.

६

त्यानं ठरवलं, फोटो काढायचा. डोळे फसतात, मन फसतं. कागद फसत नाही.

तळाच्या खणात जुन्या फोटोच्या कागदाचं पाकीट होतं, ते अजून चांगलं निघालं. मोठा कागद त्यानं लाल दिव्यात भिंतीच्या तळाशी टाचण्यांनी लावला. मोहरीएवढ्या भोकातून कागद भरायला दुपार जाणार होती. त्याला तेच हवं होतं. एवढ्या लांब वेळाच्या फोटोत हलणारं काही उरत नाही. बनुबाई, रिक्षा, कुत्री, सगळी पुसली जातात. जे दुपारभर एका जागी राहील तेवढंच कागदावर येतं. हा माणूस म्हणजे डोळ्यांचा भास असला तर कागदावर येणार नाही, आणि मग आईला दाखवता येईल, की बघ, नुसतं आभाळ हाय.

"तेवढा वेळ आत्याबाईंना मागं न्या," ब्राह्मी म्हणाली.

"मी कुटं जात न्हाई," आई म्हणाली. तिनं उशीला पाठ टेकून बसायचा हट्ट धरला. ब्राह्मीनं तिला बसवलं, डावा हात उचलून मांडीवर ठेवला, पदर सारखा केला.

जिनेंद्रनं भोकावरची पट्टी काढली आणि दाराकडं निघाला. आता गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून आयुष्यभर तो एकच वाक्य म्हणत आलेला. नवरा-नवरीला, बारशाच्या बाळाला, फौजेत निघालेल्या पोरांना. तोंडाला वळणच पडलं होतं त्याच्या. दार ओढता ओढता तो म्हणून गेला, "हलू नकोस हं, आई."

"न्हाई हालत," आई म्हणाली.

जिन्यात त्याच्या लक्षात आलं. डॉक्टर, ब्राह्मी, तो स्वतः, वर्षभर सगळे तिला हल म्हणून विनवत होते. आणि दुसरं म्हणजे, तिनं उलट उत्तर दिलं नव्हतं. चंपाबाईला कुणी काही सांगावं आणि तिनं मुकाट ऐकावं, हे ह्या घरात कधी झालं नव्हतं. तो मागं फिरणार तेवढ्यात खाली पासपोर्टवाला आला. दार उघडलं तर उजेड शिरेल, कागद जाईल, असाही एक विचार त्याच्या मनात आला. तो खाली गेला.

७

ऊन उतरल्यावर त्यानं वर येऊन भोक बंद केलं, लाल दिवा लावला, कागद उतरवून उजेड न शिरणाऱ्या डब्यात घातला. मग वळला.

"पानी दे रं," आई म्हणाली आणि पेला पुढं केला.

डाव्या हातानं.

जिनेंद्र असा ओरडला, की ब्राह्मी पिठाच्या हातानं धावत वर आली. दोघंही रडली. ब्राह्मीनं तो हात गालाला लावला, बोटं एकेक करून उघडून बघितली. आई हसत होती. "काय लावलंय रं येड्यागत," म्हणत होती. बऱ्याच वेळानं कुणाच्या तरी लक्षात आलं, की तिचा उजवा हात मांडीवर ठेवल्या जागी आहे आणि उचलत नाही.

डॉक्टरांनी डोकं खाजवलं. जुनी बाजू सुटली, दुसरीकडं नवीन गाठ आली असेल, म्हणाले. असं आपण पाहिलेलं नाही, पण शरीर आहे, काहीही करतं. जिनेंद्रला ते पटलं. पटवून घ्यायची त्याला गरज होती.

पण मनगटाचं काय करायचं? आईच्या उजव्या मनगटावर गोंदण होतं, लग्नाआधी जत्रेत काढलेलं, 'चंपा' एवढंच. शाळेत जायच्या आधी जिनेंद्र अक्षर शिकला ते त्याच्यावर बोट फिरवून. ते आता डाव्या मनगटावर होतं. आणि अक्षरं आरशात दिसतात तशी होती.

"उजव्याला हुतं," तो ब्राह्मीला म्हणाला. "हे बघ, फोटो बघ."

"आवं, हा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याचा. त्यात डावं-उजवं उलटं येतंय, तुमीच सांगता की लोकांस्नी."

"आणि अक्षरं?"

"ती कवा वाचता येत हुती? हिरवा डागच की त्यो." ब्राह्मीनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "आत्याबाई बऱ्या व्हायल्यात. तुमाला आनंद हुईना व्हय?"

कागद त्यानं न्हाणीत धुतला. फोटो धुवायच्या औषधात घातल्यावर आधी काही नाही, मग कौलांची रेघ, मग भाऊसोचं दुकान, मग रिकामा रस्ता. निगेटिव्हच ते, आभाळ काळं झालं. काळ्या आभाळात पांढरा माणूस वर आला, सरळ, रेखीव, एक रेघ हललेली नाही. जिनेंद्र त्याच्या हवेत टेकलेल्या हाताकडं बघत होता. त्या हाताखाली आणखी काहीतरी पांढरं होऊ लागलं. आधी खांदा. मग सारखा केलेला पदर. मग मांडीवर ठेवलेला डावा हात.

आई तर खोलीत होती, गल्लीत नव्हती. भोकासमोर नव्हतीच ती. तिचं चित्र येणं शक्य नव्हतं. जिनेंद्र हे पुनःपुन्हा म्हणत राहिला, आणि कागद औषधात काळा पडत गेला.

८

घरात आई म्हणून उरलेल्या बाईला ब्राह्मीनं खाली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हलवलं, म्हणजे चालवायला बरं. ती चालायला लागली. काठी, एक पाय, मागून घासत येणारा दुसरा. ती जेवायची, हसायची, बनुबाईला घरात बोलवायची. जिनेंद्रला ती 'जिनू'च म्हणायची. तो तिच्याशी नीट वागायचा. तिनं त्याचं काय वाकडं केलं होतं?

पण दुपारी तो माडीवर जाऊन दार लावून घ्यायचा.

भिंतीच्या तळाला ती दोघं असायची. तो उभा, ती बसलेली. कागदावर असतात तशी ती दोघंही निश्चल नव्हती. म्हणजे तो निश्चल होता. ती नव्हती. तिचं डोकं किंचित हलायचं, आणि एकदा तिनं उजवा हात, आपला चांगला हात, अगदी थोडा उचलला. त्याबरोबर तिच्या खांद्यावरचा त्याचा हात घट्ट झाला. जिनेंद्रनं ते स्पष्ट पाहिलं.

"आई," तो जमिनीवर पालथा पडून भिंतीला तोंड लावून म्हणाला, "हाल. मी सांगतोय, हाल. माझं चुकलं गं."

तिनं मान त्याच्याकडं वळवायला सुरुवात केली. मोहरीएवढ्या उजेडात ते इतकं सावकाश होत होतं, की वळतेय की नाही तेच कळेना. जिनेंद्रनं श्वास धरला. कानशील दिसलं. गाल दिसला.

जिन्यावर काठी वाजली.

काठी, पाय, घासट. काठी, पाय, घासट. कडी लावायला उठावं तर भिंतीवरची नजर निघत नव्हती. दार ढकललं गेलं, चिंध्या सुटल्या.

"केवढा अंधार करून बसलाईस रं," ती म्हणाली. "उजेड यिऊ दे की जरा." आणि डाव्या हातानं तिनं काळा कागद धरला.

"आई, नको!" जिनेंद्र ओरडला. दोघींपैकी कुणाला उद्देशून ओरडला, ते त्यालाही कळलं नाही.

कागद टरकन फाटला, खिडकी उघडली आणि दुपारचं ऊन खोलीभर झालं. भिंत पांढरी होती, साधी चुन्याची, खाली थोडे पोपडे आलेले. जिनेंद्र तिच्यावर हात फिरवत राहिला. मागून ब्राह्मी धापा टाकत आली. "आवं, बघितलंसा? जिना चढल्या आत्याबाई! एकट्यानं!" तिचे डोळे भरून आले होते. ती सासूला धरून कौतुकानं खाली घेऊन गेली.

त्यानं नवा कागद लावला. मोहरीएवढं भोक पाडलं. बसला. डोळ्यांना वेळ लागतो, तो त्यानं दिला, लागतो त्याच्यापेक्षा जास्त दिला. गल्ली आली. भाऊसो मशिनवर डोकं टेकून छताला झोपला होता, बनुबाई पाटी घेऊन उलटी चालली होती, रिक्षा, कुत्री, तारा, सगळं शास्त्राप्रमाणं. खाली आभाळ होतं, नुसतं निळं. त्यात कुणी नव्हतं. जिनेंद्र तोंडात पंचा कोंबून रडला.

"जिनू," खालून हाक आली, "च्या निवतोय बघ." आवाज आईचाच होता.

त्यानं ओ दिली नाही. खाटेवर आई बसायची त्या जागी तो बसला, उशीला पाठ टेकली, डावा हात मांडीवर ठेवला आणि हलायचं थांबवलं.